कंपनीच्या संगणकांची खानेसुमारी

महाराष्ट्रांतल्या कोणत्याहि जुन्या घरांतलें एखादें पितळेचें अगर स्टीलचें भांडें हातांत घेऊन पाहावें. त्याच्या कांठाखालीं किंवा बुडावर ठिपक्याठिपक्यांनीं कोरलेलें नांव बहुधा सांपडतें. कोणाच्या लग्नांत कोणीं दिलें, कोणत्या सालीं दिलें, हा सर्व इतिहास त्या चार शब्दांत असतो. शेजारीं डबा गेला, कोणाच्या वास्तुशांतीला पातेलें गेलें, तर तें परत येण्याची आशा त्या कोरीव नांवावर अवलंबून असते. गांवच्या देवस्थानाचीं मोठीं पातेलीं लग्नकार्याला द्यावयाचीं झालीं, तर नेतांना वहींत नोंद होई आणि परत आणतांना भांडीं मोजून घेतलीं जात. वस्तु घरांत असतांना तिच्याविषयीं फारशी चिंता नसते. ती उंबरठा ओलांडते त्या क्षणीं चिंता सुरू होते, हें गृहिणीला कोणी शिकवावें लागत नाहीं.

आतां त्या घराच्या जागीं तीनशें माणसांची एखादी कंपनी कल्पावी, आणि भांड्यांच्या जागीं तिचे संगणक. कंपनीजवळ संगणक किती, ते कोठें आहेत, कोणाच्या हातांत आहेत, त्यांच्या पोटांत कोणत्या आज्ञावली आहेत आणि त्या वापरण्याचा अधिकार कंपनीला आहे किंवा नाहीं, एवढे हे पांच प्रश्न. ऐकतांना ते इतके साधे वाटतात कीं त्यांवर एक स्वतंत्र भाषण खर्ची घालावें याचें श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु या पांच प्रश्नांचीं उत्तरें एका दिवसांत बिनचूक देणारी कंपनी विरळा, आणि न देतां येण्याचे परिणाम कधीं कधीं कंपनीच्या भिंतींबाहेर, अगदीं रुग्णाच्या खाटेपर्यंत जातात.

हा प्रश्न मूळचा नव्हे. पूर्वीं कंपनीचा संगणक म्हणजे एका थंड खोलींतलें एक यंत्र असे. त्या खोलींत शिरतांना पादत्राणें बाहेर काढून ठेवावीं लागत. देवघरांतल्या देवाची कोणी खानेसुमारी करीत नाहीं, तशी त्या यंत्राचीहि करावी लागत नसे. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला पहिला वैयक्तिक संगणक जाहीर केला. अगदीं साध्या नमुन्याची किंमत १,५६५ डॉलर. तेथून पुढें संगणक थंड खोलींतून निघून माणसाच्या टेबलावर आला, टेबलावरून पिशवींत गेला, आणि देवघराचा देव एकदम भांड्याकुंड्यांच्या रांगेंत येऊन बसला. टेबलें वाढलीं तसे संगणक वाढले. त्यांची वही ठेवणारा माणूस मात्र बहुतेक ठिकाणीं एकच राहिला, आणि तोहि दुसरें काम संभाळून.

शिवाय वही एक नसते. दोन असतात, आणि त्या एकमेकींशीं बोलत नाहींत. पहिली हिशेबखात्याची. पन्नास यंत्रें एकदम घेतलीं तर तींत एका बिलाची एक ओळ पडते : डेस्कटॉप संगणक, नग ५०. पुढें त्या पन्नासांपैकीं तीन बिघडले, दोन नाशिकच्या शाखेला गेले, एक विकला गेला, तरी ती ओळ आहे तशीच असते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानें डेस्कटॉप व लॅपटॉप यांचें उपयुक्त आयुष्य तीन वर्षें मानलें आहे, सर्व्हरचें सहा. म्हणून चौथ्या वर्षीं त्या ओळीची किंमत नाममात्र उरते, आणि ज्या वस्तूला किंमत नाहीं तिच्याकडे हिशेबनीसाचें लक्ष कशाला जाईल? वस्तुतः यंत्र सहा-सात वर्षें चालतें. हिशेबाच्या दृष्टीनें ज्याचें तेरावें होऊन गेलें तो संगणक रोज सकाळीं दहाला उठून कामाला लागतो, त्याच्यांत पगारपत्रकें असतात, गिऱ्हाइकांचे पत्ते असतात. धोका नव्या यंत्रांपेक्षां या मृत समजलेल्या यंत्रांतच अधिक दडलेला असतो.

दुसरी वही तांत्रिक खात्याची. ती बहुधा एक्सेलच्या कागदावर असते आणि ती उघडून वाचण्याची रीत एकाच माणसाला ठाऊक असते. पिवळ्या रंगाची ओळ म्हणजे दुरुस्तीला गेलेलें यंत्र, हिरव्या रंगाची म्हणजे काय तें त्यालाच विचारावें. तो नोकरी सोडून गेला कीं अर्धी वही त्याच्याबरोबर जाते. सरकारी कचेऱ्यांत व शाळांत एक जडवस्तुसंग्रह नोंदवही असते, जिला सारे लोक सरसकट डेडस्टॉक म्हणतात. बाकांवर आणि कपाटांवर पांढऱ्या तैलरंगानें घातलेले आंकडे तिच्याशीं जुळवून पाहतात. ती पद्धत बाकासाठीं उत्तमच. पण बाक वीस वर्षें बाकच राहतो. संगणक हा जड वस्तूंत मोडत नाहीं : त्याची स्मृति वाढते, डिस्क बदलते, आणि त्याच्या आंतल्या आज्ञावली तर रात्रींतून बदलतात. कंपन्यांच्या हिशेबतपासनिसांसाठीं २०२० सालीं काढलेला जो आदेश आहे, तो ज्या कंपन्यांस लागू पडतो त्यांच्या तपासनिसाला अहवालांत स्पष्ट लिहावें लागतें कीं, यंत्रसामग्रीची संख्या व ठिकाण दाखविणारीं पुरीं दप्तरें कंपनी ठेवते किंवा नाहीं, आणि वाजवी काळानें प्रत्यक्ष मोजणी होते किंवा नाहीं. अमूर्त मालमत्तेच्या दप्तराचीहि त्यांत विचारणा आहे. विकत घेतलेलें सॉफ्टवेअर हिशेबांत तेथेंच मोडतें. ‘संख्या व ठिकाण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसती संख्या लिहून भागत नाहीं.

ठिकाण लिहावयाचें तर आधीं वस्तूला नांव पाहिजे. नामांकित कारखान्यांतून आलेल्या यंत्राच्या पोटांत त्याचा अनुक्रमांक कायमचा लिहिलेला असतो, आणि बाहेर पट्टीवरहि छापलेला असतो. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींतून सुटे भाग आणून जुळविलेलीं यंत्रें जेथें आहेत, तेथें एक चमत्कार घडतो. त्या यंत्राला त्याचा अनुक्रमांक विचारला असतां तें पुष्कळदां इंग्रजींत एवढेंच उत्तर देतें कीं, ‘ही जागा उत्पादकानें भरावयाची आहे’. जुळविणारानें ती भरलेली नसते. अशीं चाळीस यंत्रें असलीं तर चाळीसहि तेंच उत्तर देतात, आणि अनुक्रमांकावर विसंबणारी यांत्रिक नोंदवही चाळिसांना मिळून एकच यंत्र समजते. जणु वर्गांतल्या चाळीस मुलांनीं हजेरीला एकच नांव सांगितलें! म्हणून शहाणी कंपनी कारखान्याच्या आंकड्यावर न थांबतां स्वतःचा क्रमांक घालते. टिकाऊ पट्टीवर छापून तो यंत्राला चिकटवते, आणि मॉनिटरला निराळा देते, कारण मॉनिटर व पेटी यांची ताटातूट पहिल्याच महिन्यांत होत असते.

आतां कोणी विचारील कीं, हे सगळे संगणक तारांनीं जोडलेलेच आहेत, मग त्यांनींच आपापली माहिती कां सांगूं नये? तशी सोय आहे. प्रत्येक यंत्रांत एक लहानशी आज्ञावली बसवितात. ती ठराविक वेळानें मध्यवर्ती नोंदवहीला कळवते कीं प्रोसेसर अमुक, स्मृति अमुक, डिस्क एवढी, सॉफ्टवेअर हें हें, आणि सध्यां काम करीत बसला आहे तो अमक्या नांवाचा मनुष्य. ओसीएस इन्व्हेंटरी व जीएलपीआय अशीं या कामाचीं साधनें तर फुकटहि मिळतात. त्यांचा उपयोग मोठा आहे. सोळा जीबी स्मृतीचा संगणक एके सकाळीं आठ जीबी सांगूं लागला, तर पेटी कोणीतरी उघडली हें त्याच दिवशीं कळतें. नाहीं तर सहा महिन्यांनीं कळतें, आणि तेव्हां संशय ज्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नाहीं अशा शिपायावर किंवा झाडलोट करणारावर जातो. पण या हेराच्या मर्यादा ध्यानांत घ्याव्या. तो जागा असेल तरच बोलतो. कपाटांत बंद पडलेला लॅपटॉप त्याच्या लेखीं अस्तित्वांतच नाहीं. यंत्रावर कोण बसला आहे हें तो सांगतो, तें कोणाच्या ताब्यांत दिलें हें सांगूं शकत नाहीं. आणि जबाबदारी ताब्यावर ठरते, बसण्यावर नव्हे.

या भेदाची परीक्षा २०२० च्या मार्चमध्यें झाली. २४ मार्चच्या रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांनीं देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली, पण हिंजवडी, खराडी, ऐरोली येथील कंपन्यांची धांवपळ त्याच्या आधींच सुरू झाली होती. सर्वांजवळ लॅपटॉप नव्हते; टेबलावरचे डेस्कटॉपच घरोघर पाठवावयाचे होते. टेंपोंतून, भाड्याच्या मोटारींतून, कोणी तर दुचाकीवर मांडींत मॉनिटर धरून ते नेले. चादरींत गुंडाळलेल्या पेट्या लिफ्टमधून वर चढल्या. पुष्कळ घरांतून तें यंत्र जेवणाच्या टेबलावर बसलें आणि घरच्या मंडळींनीं ताटें मांडीवर घेतलीं. त्या घाईंत कोणतें यंत्र कोणाकडे गेलें याची नोंद कोठें कागदाच्या चिठोऱ्यावर झाली, कोठें व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या छायाचित्रांत, आणि कोठें झालीच नाहीं. त्या माणसांस दोष देणें अन्यायाचें होईल. घरांत आग लागली असतां भांड्यांचीं नांवें वाचीत कोणी बसत नाहीं. दोष पुढच्या दोन वर्षांचा आहे. आग विझल्यावरहि यादी करावयास पुष्कळजण बसले नाहींत.

त्याचें फळ कोणाला भोगावें लागतें? अशा कंपनींत सहज घडेल असा एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. चाचणीखात्यांतल्या एका मुलीच्या नांवावर त्या मार्चमध्यें २१४ क्रमांकाचा संगणक घरीं गेला. जुलैंत त्याचा वीजपुरवठ्याचा भाग जळला. कंपनीचा माणूस घरीं येऊन तो घेऊन गेला आणि २६३ क्रमांकाचा ठेवून गेला. २१४ दुरुस्त होऊन भलत्याकडेच गेला. दोन वर्षांनीं मुलीनें राजीनामा दिला, २६३ प्रामाणिकपणें परत केला, आणि ‘नो ड्यूज’च्या कागदावर सही घ्यावयास गेली, तों वही सांगते कीं तिच्या नांवावर २१४ आहे आणि तो परत आलेला नाहीं. शेवटच्या पगाराचा हिशेब अडकला. नवी कंपनी जुन्या कंपनीचें मुक्तिपत्र मागते, जुनी कंपनी यंत्र मागते. तिचा शब्द एकीकडे आणि वही दुसरीकडे; आणि कचेरींत वहीचा शब्द अखेरचा. शेवटीं सोडवणूक झाली ती फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या वहीनें. त्यानें जुलैंतल्या त्या दिवशीं, कोणी सांगितलें नसतां, मराठींत लिहून ठेवलें होतें : २६३ बाहेर, २१४ आंत, आणि आणणाऱ्याची सही. लाखों रुपयांच्या यांत्रिक नोंदवहीला जें कळलें नाहीं तें पहारेकऱ्याला कळलें, कारण तो उंबरठ्यावर उभा होता.

मोजणींत चूक क्वचित होते. हात बदलतांना होते. वर्षांतून एकदां दिवाळीच्या सफाईसारखी मोठी मोजणी करून हें साधत नाहीं, कारण मोजणीच्या दुसऱ्याच दिवसापासून वस्तु हलूं लागतात. यंत्र देतांना, परत घेतांना, दुरुस्तीस पाठवितांना, एका टेबलावरून दुसऱ्यावर नेतांना, त्याच मिनिटाला देणाराची व घेणाराची नोंद पडली पाहिजे, आणि ती पडल्यावांचून यंत्र हलतां कामा नये. मोठ्या साहेबालाहि ‘आधीं सही, मग लॅपटॉप’ असें म्हणण्याचा अधिकार त्या कारकुनाला द्यावा लागतो. येथें बहुतेक कंपन्या कच खातात. साहेबाच्या केबिनमधले तीन लॅपटॉप कोणत्याच वहींत नसतात, ही तांत्रिक खात्यांतली सर्वज्ञात व अनुच्चारित गोष्ट आहे.

येथवर डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचें झालें. न दिसणाऱ्यांचें प्रकरण अधिक बिकट आहे. सॉफ्टवेअर विकत घेतलें असें आपण म्हणतों, परंतु विकत मिळतो तो वापराचा परवाना, आणि प्रत्येक परवान्याच्या अटी निराळ्या. संगणकाबरोबर बसवून आलेली विंडोज साधारणतः त्या यंत्राशीं बांधलेली असते. यंत्र मेलें कीं ती सती जाते, दुसऱ्या यंत्रावर तिचा संसार मांडतां येत नाहीं. कांहीं परवाने माणसागणिक, कांहीं यंत्रागणिक, कांहीं एकावेळीं किती जण वापरतात त्यावर. पूर्वीं एकदां पैसे दिले कीं तें सॉफ्टवेअर जन्मभर वापरतां येई. आतां वार्षिक वर्गणीचा जमाना आहे. भोसरी-चाकणच्या आरेखनगृहांतून घरोघरच्या नांवासारखें झालेलें ऑटोकॅड घ्यावें, तर त्याच्या कायमच्या परवान्याची नवी विक्री कंपनीनें ३१ जानेवारी २०१६ नंतर थांबविली. वर्गणीची गोम अशी कीं माणूस नोकरी सोडून जातो, त्याची खुर्ची भरते, त्याच्या जागीं आलेल्याचें नवें खातें उघडतें, आणि गेलेल्याची वर्गणी दरमहा मुकाट्यानें चालूच राहते. कोणी तक्रार करीत नाहीं. जो गेला त्याला ठाऊक नसतें, जो आहे त्याला दिसत नाहीं.

फुकट म्हणून आलेल्या आज्ञावलींनीं तर अधिक घोटाळा होतो. घरीं फुकट वापरावयास मिळणारी वस्तु कचेरींतहि फुकट असते ही समजूत सुशिक्षितांतहि पक्की आहे. टीमव्ह्यूअर खासगी वापराला फुकट आहे, धंद्याच्या वापराला नाहीं. विनरार चाळीस दिवसांनंतर पैसे द्या म्हणून सांगते आणि न दिले तरी चालूच राहते. त्या सौजन्यामुळें कित्येकांस तें फुकटच वाटतें. उलट सेव्हन-झिप हें तेंच काम करणारें साधन कचेरीलाहि खरोखरच फुकट आहे, पण तें बसविण्याचें सुचत नाहीं. सर्वांत तऱ्हेवाईक गोष्ट जावाची. ओरॅकल कंपनीनें जानेवारी २०२३ मध्यें आपल्या जावाच्या वर्गणीची नवी रीत काढली. तींत आकार यंत्रांच्या संख्येवर नसून कंपनींतल्या एकूण नोकरवर्गाच्या संख्येवर बसतो. म्हणजे पैसे लागणारी आवृत्ति कोपऱ्यांतल्या एका यंत्रावर कोणीं नकळत बसविली, तर तिचें बिल मांडतांना झाडून साऱ्या माणसांचीं डोकीं मोजलीं जातील. फुकटची ओपनजेडीके शेजारींच उपलब्ध असतांना हें व्हावें! कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ति आहे, एवढें ठाऊक असण्यावर ही सारी रक्कम अवलंबून आहे.

चोरीच्या प्रतींविषयीं कायदा स्पष्ट आहे. लेखाधिकाराच्या १९५७ च्या कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन कलम ६३-ब आलें. अनधिकृत प्रत आहे हें माहीत असून संगणकावर ती वापरणारास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. धंद्याच्या लाभासाठीं वापर नसेल तर न्यायालयास सौम्यपणा दाखवितां येतो. कंपनीला ही सवलत क्वचितच उपयोगी पडेल. तेव्हां आपल्या यंत्रांवर काय आहे हें ठाऊक नसणें ही कंपनीला निश्चिन्त ठेवणारी स्थिति नव्हे.

परंतु पैसा व कायदा हे येथले सर्वांत मोठे प्रश्न नाहींत. त्याहून मोठा कोणता, तें समजण्यासाठीं क्षणभर इंग्लंडांत जावें लागेल. कारण अज्ञात यंत्रांची किंमत एवढ्या उघडपणें दुसरीकडे क्वचितच मोजली गेली असेल. शुक्रवार, १२ मे २०१७ या दिवशीं वानाक्राय नांवाचा खंडणीखोर उपद्रव जगभरच्या संगणकांत पसरला. त्यानें धारिका कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठीं पैसे मागितले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेंतील २३६ रुग्णालय-न्यासांपैकीं निदान ८० जणांच्या कामांत त्यानें खंड पाडला. ६,९१२ रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्याचें प्रत्यक्ष आढळलें. एकूण आंकडा १९,००० च्या वर असावा असा अंदाज झाला. पांच भागांतल्या रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठीं दूरच्या रुग्णालयांत जावें लागलें. आतां यांतलें मर्म पाहावें. ज्या खिंडारांतून हा उपद्रव शिरला तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच दिली होती, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं. ती बसविण्याविषयींच्या सूचना १७ मार्च व २८ एप्रिल या दिवशीं रुग्णालयांना गेल्या होत्या. बाधलेलीं बहुतेक यंत्रें विंडोज सातचीं होतीं, ज्यांना ही दुरुस्ती सहज लागू पडली असती. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अहवाल दिला. त्यांत नमूद आहे कीं, सूचना कोणीं अमलांत आणली व कोणीं नाहीं हें जाणण्याचें रीतसर साधनच खात्यापाशीं नव्हतें. औषध होतें, वैद्याची चिठ्ठी होती. तें कोणीं घेतलें व कोण राहिलें, तेवढें कोणाला माहीत नव्हतें.

हाच प्रश्न अलीकडे पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांपुढें निराळ्या वेषांत उभा राहिला. विंडोज दहाचा नित्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज अकराला टीपीएम नांवाच्या सुरक्षाभागाची दुसरी आवृत्ति लागते आणि प्रोसेसर त्यांनीं ठरविलेल्या यादींतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे आपल्या तीनशें यंत्रांपैकीं किती पुढें जाऊं शकतात आणि किती काढून टाकावीं लागतील, हा सरळ वहीला विचारावयाचा प्रश्न. ज्या वहींत प्रोसेसरची पिढी व टीपीएम लिहिलेलें आहे ती अर्ध्या तासांत उत्तर देते. ज्या वहींत ‘डेस्कटॉप, नग ५०’ एवढेंच आहे, तेथें दोन तरुण पोरांना महिनाभर टेबलांखालीं वांकून पेट्या उघडाव्या लागल्या. समजा ११० यंत्रें नापास ठरलीं. त्यांना आणखी तीन वर्षें दुरुस्त्या विकत घेऊन जगवावयाचें, तर धंदेवाल्यांसाठींचा मूळ दर पहिल्या वर्षीं यंत्रामागें ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षीं १२२, तिसऱ्या वर्षीं २४४. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर. तेवढ्या पैशांत साधा नवा संगणक येतो. जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवून त्यांना सेवेंत ठेवणें हाहि मार्ग आहे, आणि जेथें काम ब्राउझरपुरतेंच आहे तेथें तो चांगला आहे. पण टॅली किंवा ऑटोकॅड चालविणाऱ्या टेबलावर तो चालणार नाहीं. तेव्हां कोणतें यंत्र कोणत्या कामाला लागलें आहे हेंहि वहींत पाहिजे.

काढून टाकावयाच्या यंत्रांचें काय करावें, येथें मात्र घाई जिवावर बेतते. धारिका पुसल्या म्हणजे त्या गेल्या असें नव्हे; पुष्कळदां फक्त अनुक्रमणिकेंतलें नांव खोडलें जातें, मजकूर तसाच राहतो. नव्या एसएसडी डिस्कवर तर नुसतें वरून लिहून काढण्यानेंहि भरंवसा धरतां येत नाहीं. मॉर्गन स्टॅन्ले ही अमेरिकेंतली मातब्बर पेढी. जुने सर्व्हर व हार्ड डिस्क हलविण्याचें काम तिनें सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीला दिलें होतें, जिला माहिती नष्ट करण्याच्या कामाचा अनुभव नव्हता. त्या कंपनीनें हजारों वस्तु तिसऱ्यास विकल्या आणि त्यांतल्या कांहीं, आंतल्या माहितीसकट, इंटरनेटवरच्या लिलावांत निघाल्या. पुढें दुसऱ्या एका आवराआवरींत ४२ सर्व्हरांचा पत्ताच लागेना. सुमारे दीड कोटी गिऱ्हाइकांच्या खासगी माहितीची निगा राखली नाहीं या ठपक्याखालीं तेथील रोखे आयोगानें सप्टेंबर २०२२ मध्यें साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठरविला, आणि पेढीनें तो आरोप मान्य वा अमान्य न करतां भरण्याचें कबूल केलें. आपल्याकडेहि २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यांत, माहितीच्या रक्षणाची वाजवी तजवीज न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

भंगारवाल्याला टेंपो भरून देणें हा मार्ग तर कायद्यानेंच बंद केला आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. ज्या संस्थेजवळ परिशिष्टांतलीं निदान एक हजार उपकरणें वर्षांत केव्हांहि वापरांत होतीं, तिनें आपला कचरा नोंदणी झालेल्या उत्पादकाला, दुरुस्तीकाराला किंवा पुनश्चक्रण करणारालाच द्यावयाचा आहे. आपल्याजवळ एक हजार आहेत किंवा नाहींत, हेंहि पुन्हां वहीलाच विचारावें लागणार. लहान कंपन्यांनींहि हाच रस्ता धरावा. दिल्लीच्या सीलमपुरांत उघड्यावर तारा जाळून तांबें काढणारीं माणसें ज्या धुरांत बसतात, तो धूर कोणाच्या कचेरींतून निघाला हें त्या धुराला विचारतां येत नाहीं.

म्हणून तीं ११० यंत्रें निघतांना यादी यंत्रांची नव्हे, डिस्कांची करावी. कांहीं पेट्यांत दोन दोन डिस्क असतात. ११० पेट्यांतून ११३ डिस्क निघतील. प्रत्येकीचा अनुक्रमांक लिहावा, ती पुसली कीं फोडली तें लिहावें, फाटकावर एकदां आणि पुनश्चक्रण करणाराच्या दारांत एकदां मोजून सह्या घ्याव्या, आणि वहींतली ओळ खोडूं नये. तिच्यापुढें प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख लिहावी. प्रमाणपत्र आलें आणि त्यांत ११२ च आंकडा असला, तर तें फाइलला लावण्याआधीं टेंपोवाल्याला फोन करावयाचा असतो.